एका खळ्यासाठी केलेली जपानची स्थळपाहणी

ऐकीव पुरावा ग्राह्य नसतो. सारी नोकरी मी न्यायालयाच्या कचेरीत काढली आणि तेथून दुसरे काही नाही तरी एवढे एक वाक्य घेऊन निवृत्त झालो. म्हणून आमच्या गावच्या सुनावणीत कंपनीच्या प्रतिनिधीने जेव्हा जपानचा दाखला दिला, तेव्हा मी उठून विचारले, "ते गाव आपण स्वतः पाहिले आहे काय?" गृहस्थ हसले आणि म्हणाले, "काका, फोटो आहे ना समोर."

त्या हसण्यामुळे मी जपानला गेलो. ज्यांना पर्यटनाचे वर्णन वाचायचे आहे त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

चौलच्या माझ्या नारळी-पोफळीच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर कोळीवाडा आहे आणि त्याच्या पुढे, भरतीच्या रेषेच्या वर, मासळी सुकवण्याचे खळे आहे. बांबूंच्या मांडवावर दोऱ्या ताणलेल्या असतात. त्यांवर बोंबील जोडीने टांगतात: एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले असल्याने पकड सुटत नाही. हे खळे घेऊन तेथे समुद्रकाठचे विहारधाम, त्यांच्या भाषेत रिसॉर्ट, बांधायचे, असा त्या कंपनीचा प्रस्ताव. पडद्यावर त्यांनी जपानमधल्या एका किनारी गावाचे चित्र दाखवले. मासळीच्या जाळीशेजारी एक म्हातारी हसत उभी, मागे पाहुणे जेवत आहेत. "तिकडे मच्छीमार आणि पर्यटक हातात हात घालून राहतात," प्रतिनिधी म्हणाले. "हिराबाई, उद्या तुमचाही फोटो जगभर असा लागेल!"

हिराबाई खळ्यावरच्या बायकांची पुढारी. माझ्याहून थोडी धाकटी. मला भाऊ म्हणते. ती जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाली, "आमचा फोटू आधार कारडावर हाय तेवढा बास. त्यात बी मी मेल्यासारखी दिसतंय."

लोक हसले. अधिकाऱ्यांनी लेखी हरकतींसाठी मुदत दिली. हरकत लिहिण्याचे काम, नेहमीप्रमाणे, माझ्याकडे आले. चित्रावर गावाचे नाव होते. ते मी टिपून घेतले. माझी मुलगी वसुधा नागोयात नोकरीला आहे आणि मी तिच्याकडे यावे म्हणून अनेक वर्षे विनवीत आहे. मी तिला कळवले की येतो, परंतु पाहुणा म्हणून नव्हे, स्थळपाहणीसाठी.

वाकासा उपसागराच्या काठी

ते गाव जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्या गावाचा कसलाही अपराध नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता. तो आपल्यासारखा अंगावर येणारा नव्हता. कोणीतरी चाळणीतून टाकावा तसा थंड, बारीक पाऊस होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला करडा समुद्र आणि मध्ये एका ओळीत घरे. प्रत्येक दुसऱ्या घराचे दार बंद. ही दारे दुपारच्या झोपेसाठी लावलेली नव्हती. उंबऱ्यांवर गवत आले होते.

उतरण्यासाठी वसुधाने एक घरगुती निवास ठरवला होता. दार उघडणाऱ्या बाईंना पाहून मी बूट काढायचेच विसरलो. चित्रातली म्हातारी तीच होती.

"बाबा, बूट," वसुधा पुटपुटली. "आणि इथे तरी भांडू नका."

"मी भांडायला आलेलो नाही. साक्षीदार स्वतःहून समोर आलेला आहे."

त्यांचे नाव तोमिको-सान; 'सान' म्हणजे आपले 'बाई'. पाठीत वाकलेल्या, हात मात्र तरुण बाईसारखे झपाट्याने चालणारे. नवरा समुद्रावर जात असे, तो वारला. मुलगा ओसाकाला. निवासात आमच्याखेरीज कोणी नव्हते. घरात शिरताना ऐकू आले की गावातल्या खांबावरच्या कर्ण्यातून एक संथ सूर वाजतो आहे. वसुधाने सांगितले की संध्याकाळी मुलांनी खेळ थांबवून घरी यावे म्हणून तो वाजवतात. मी खिडकीतून पाहिले. रस्त्यावर मूल नव्हते. शाळा केव्हाच बंद झाली आहे. सूर पूर्ण वाजला आणि थांबला.

जेवण मात्र असे होते की त्यापुढे मी तक्रारीची वही उघडलीच नाही. सळईला टोचून निखाऱ्यावर भाजलेला अख्खा मासा, आपल्या बांगड्याच्या कुळातला पण अंगाने दुप्पट, वर आल्याचा कीस. लहान माशांचे मुरवलेले तुकडे देवदाराच्या इवल्याशा पिंपातून, बांबूच्या पानाखाली झाकलेले. आणि मग 'हेशिको'. याच जातीचा मासा मिठात खारवून, तांदळाच्या कोंड्यात थर लावून, वर दगड ठेवून वर्षभर दाबतात. पातळ काप निखाऱ्यावर धरतात आणि भातावर ठेवून वरून चक्क गरम कोरा चहा ओततात. भातावर चहा! ताकभातावर वाढलेल्या माणसाने हे पाहून डोळे मिटले. पण पहिला घास तोंडात गेला तेव्हा मला आमच्या घरची पावसाळ्यातली खारी मासळी आठवली, समुद्र बंद असताना आई फडताळातून काढायची ती. तोच खारटपणा, तीच जिभेच्या मागे रेंगाळणारी आंबूस चव. ज्यांच्या तोंडावर समुद्र वर्षातले काही महिने दार लावून घेतो ते लोक सगळीकडे एकाच तऱ्हेने विचार करतात.

पेयाच्या बाबतीत एक फजिती झाली. भाजलेल्या माशाचा काळपट पर घालून गरम केलेली तांदळाची दारू त्यांनी पुढे ठेवली. मी पिणारा नव्हे, जिज्ञासेपोटी घेतली. धुराचा वास असलेले, गळ्यातून ऊब उतरवणारे ते पेय होते. पानात टाकू नये हा आमच्या घरचा नियम, म्हणून मी पेला रिकामा केला. त्यांनी भरला. पुन्हा रिकामा केला. पुन्हा भरला. अन्नाचा अपमान नको म्हणून मी पीत राहिलो आणि पाहुण्याचा अपमान नको म्हणून त्या ओतत राहिल्या. शेवटी वसुधाने माझा हात धरला. "बाबा, बस म्हणायचं असेल तर पेला भरलेलाच ठेवायचा असतो!" आपल्याकडे पानावर हात आडवा धरतात; तिकडे भरलेला पेला हाच आडवा हात. तोपर्यंत माझी टाळू तापली होती.

बंदरावरचा बाजार

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदरावर गेलो. खेकड्यांचा हंगाम होता. पर्यटकांच्या बसेस आलेल्या, शहरातली माणसे वाफाळत्या खेकड्यांपुढे छायाचित्रे काढत होती. प्रत्येक खेकड्याच्या नांगीला एक पिवळी पट्टी होती आणि तिच्यावर बंदराचे नाव. खेकडा कोठला, याचा हा दाखला. मला ही व्यवस्था फार आवडली. आपल्याकडे माणसाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात उभे राहावे लागते. येथे खेकडासुद्धा कागदपत्रांसह मरतो.

मग माझे लक्ष शेजारच्या हेशिकोच्या टोपलीकडे गेले. तेथे पट्टी नव्हती.

"वसू, विचार तिला. या माशाचा दाखला कुठे आहे?"

विक्रेती बाई हसली आणि तिने टोपलीमागच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बोट दाखवले. वसुधाने ते वाचले आणि क्षणभर माझ्याकडे पाहायचे टाळले.

"नॉर्वेचा आहे, बाबा. गोठवून येतो. ती म्हणते, इथला मासा आता एवढा मिळत नाही."

मला जो आनंद झाला त्याचे वर्णन करायला मला लाज वाटते, पण स्थळपाहणीचा अहवाल खरा असला पाहिजे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा मासा आणून तो स्थानिक म्हणून पाहुण्यांच्या पानात वाढला जातो. हेच ते हातात हात घालून राहणे! मी तेथेच, पावसात, बंदराच्या कठड्यावर वही टेकवून मुद्दे लिहिले. शाई पसरली.

तोमिको-सानचे अंगण

दुपारी पाऊस थांबला. मागच्या अंगणात तोमिको-सान छोटे मासे सुकत घालत होत्या. त्यांची रीत अशी: मासा पाठीतून चिरून उघडायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि जाळीवर पालथ्या पुस्तकासारखा पसरायचा. कितीतरी जाळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पण भरलेली एकच होती.

मी मदतीला बसलो आणि आमच्या गावचा माणूसच करील ती चूक केली. दोन मासे उचलले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकले. जोडी सरळ चिखलात पडली. हा मासा बोंबील नव्हता. त्याच्या दातांना पकड कसली!

तोमिको-सान इतक्या हसल्या की त्यांनी तोंडावर हात ठेवला. वसुधाने त्यांना आमचे खळे समजावून सांगितले. त्यांनी ते नीट ऐकले आणि एक प्रश्न विचारला.

"जोडीतला एक पडला तर?"

"दुसराही पडतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चिखलातले दोन्ही मासे धुतले आणि जाळीवर शेजारी शेजारी ठेवले.

तेव्हा मी मुद्द्यावर आलो. कंपनीचे ते चित्र वसुधाच्या फोनवर त्यांना दाखवले. त्यांनी स्वतःला ओळखले. पर्यटन कचेरीच्या माणसांनी काढलेले, म्हणाल्या. त्या दिवशी जाळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मासे बाजारातून आणले होते. मी वसुधाकरवी विचारले की हे सारे त्या लेखी देतील काय. त्या हो म्हणाल्या. मी मराठीत निवेदन तयार केले, वसुधाने ते जपानीत उतरवले. शेवटचे वाक्य होते: 'पर्यटनामुळे या गावातील मच्छीमारांचा व्यवसाय संपला.'

तोमिको-सान ओल्या हातांनी कागद न धरता, वाकून वाचत होत्या. शेवटच्या वाक्यावर थांबल्या.

"हे खरं नाही," त्या म्हणाल्या. "उलटं आहे."

"म्हणजे?"

"आधी माणसं गेली. मग पाहुणे आले. आमचा किनारा कोणी घेतला नाही. मासेमारीचा हक्क आमच्या सहकारी संस्थेचा आहे, कायद्याने. आजही आहे. घेणारं कोणी नाही, एवढंच. माझ्या मुलाला मी म्हणाले होते, होडी तुझी. तो म्हणाला, आई, वास जात नाही अंगाचा." त्यांनी जाळी उन्हाकडे वळवली. "पाहुणे आले नसते तर मीही दार लावलं असतं."

 पाण्यावरचा हक्क कायद्याने कोळ्यांच्या संस्थेच्या हाती: हीच मागणी मी आयुष्यभर अर्जांतून करीत आलो. मंत्र्यांना, आयुक्तांना, जिल्हाधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. पोचपावत्या मिळाल्या, उत्तरे मिळाली नाहीत. जे मागताना माझे केस पांढरे झाले, ते येथे विधिवत अस्तित्वात होते. आणि कर्ण्यातला सूर रोज संध्याकाळी रिकाम्या रस्त्याला घरी बोलावत होता.

मी ते वाक्य खोडले. उरलेल्यावर त्यांनी सही केली.

परतताना गाडीत वसुधा म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त नॉर्वेचं आणि फोटोचं लिहा ना. ते तर शंभर टक्के खरं आहे. बाकीचं कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"शपथ घेताना माणूस फक्त 'खरे सांगेन' म्हणत नाही, वसू. पुढेही काही शब्द असतात."

"आणि त्या बायकांचं खळं गेलं तर?"

मी वही उघडली आणि पसरलेली शाई पुन्हा गिरवू लागलो. 

चौल

जपानहून मी माशाचा एक तुकडाही आणला नाही. सीमाशुल्काचे नियम मला ठाऊक आहेत. परतल्यावर खळ्यावर गेलो तेव्हा हिराबाई दोरीवर बोंबील टाकत होती. तिच्या पलीकडे दोन बायका. इतरांचे मांडव उभे होते, पण दोऱ्या मोकळ्या.

"काय भाऊ, काय आनलंव जपानातशी?"

"माहिती."

"मंग खारवून ठेवा. पावसाल्यात खाऊ."

मी तिला सर्व सांगितले. नॉर्वेचा मासा ऐकून ती खदखदून हसली. चित्राची हकीकत ऐकून तिने एक शिवी दिली, ती येथे लिहीत नाही. पण तोमिको-सानच्या मुलाचे बोलणे सांगितले तेव्हा तिचा हात थांबला.

"वास जात न्हाय बोलला?"

"हो."

"माजी सून बी तेच बोलली. न्हावा शेव्याला गोदामात जातंय आता. सकालची गारी येतंय तिला न्यायला. हातान नखपालिस." तिने पुढची जोडी अडकवली. "मी काय बोलनार? वास तं हायच."

"हिराबाई, हे सगळे लिहिले तर समोरचा ते आपल्याविरुद्ध वापरील. म्हणेल, नाहीतरी तुमची मुले सोडून चाललीच आहेत. नाही लिहिले तर मी अर्धे खरे लिहिल्यासारखे होईल. खळे तुमचे आहे. तुम्ही सांगा."

तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. मग म्हणाली, "त्या बाईनं खोटं न्हाय लिवू दिलं ना? तिची तं जागा बी जानार नव्हती. मंग आपुन कशाला लिवायचं? सगलं लिवा. पन ह्ये बी लिवा, का आमचं खलं वोस परायचं आसंल तं आमच्या हातानं परंल. दुसऱ्यानं येऊन पारायचं न्हाय."

मी तसेच लिहिले. परिच्छेद सहामध्ये नॉर्वे आणि चित्र, परिच्छेद सातमध्ये तोमिको-सानचे संपूर्ण म्हणणे, परिच्छेद आठमध्ये हिराबाईचे, जवळजवळ तिच्याच शब्दांत. आजवरच्या माझ्या सर्व अर्जांत तो सर्वांत सरळ अर्ज होता.

पुढच्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी परिच्छेद सात मोठ्याने वाचला. सहा वाचला नाही. आठ वाचला नाही. "हरकतदारांनीच मान्य केले आहे की मच्छीमार आधी गेले आणि पर्यटन नंतर आले, पर्यटनामुळेच उर्वरितांना उपजीविका मिळाली," असे म्हणून त्यांनी कागद बंद केला. मी उभा राहिलो. बसायला सांगण्यात आले. मी बसलो नाही. तेव्हा कंपनीचे ते प्रतिनिधी माझ्याकडे वळून, अगदी आदराने, म्हणाले, "काका, तुम्ही जाऊन आलात हे फार बरं झालं. आमचं काम सोपं केलंत."

पंधरवड्यात हुकूम निघाला. हरकत फेटाळली. मी अपील दाखल केले आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत जमीन जैसे थे ठेवावी, असा अर्जही केला आहे. त्याची पोच मिळाली आहे.

पोच मिळाली त्याच आठवड्यात कंपनीने खळ्याभोवती तारेचे कुंपण घातले. मांडव उपटून एका कोपऱ्यात रचले. मला कळल्यावर मी वही, पेन आणि चष्मा घेऊन पंचनामा करायला निघालो.

लांबूनच वास आला. जवळ गेलो तर कुंपणाच्या तारेवर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, बोंबील टांगलेले. जोडीने, जबड्यात जबडा. हिराबाई पाटी कमरेला लावून तारेच्या कडेने सरकत होती. एकटीच होती, उरलेल्या दोघी त्या दिवशी आल्या नव्हत्या. कंपनीचा राखणदार, आमच्याच गावचा, आतल्या बाजूने विनवीत होता, "मावशे, साहेब वरडतील गं!"

"वरडू दे. तुजी आय बी हितंच सुकवायची, इसरलास? तारेची लाज वाटतंय नि आयची न्हाय?"

तो मागे झाला. मी वही उघडली आणि लिहू लागलो: मासळी सुकवण्याची वहिवाट आजमितीस खंडित झालेली नाही, ती वादग्रस्त जागेवर, कुंपणाच्या तारेवर चालू असल्याचे समक्ष पाहिले.

"उभ्यानं काय लिवताव, भाऊ? येक हात द्या. मना येकटीला नाय उरकत."

मी वही खिशात घातली. पाटीतून दोन बोंबील उचलले. थंड, निसरडे. जबडा अडकवला आणि जोडी तारेवर टाकली. ती खाली पडली, दोन्हीही.

"नीट बसला न्हाय," ती न पाहताच म्हणाली. "परत घाला."

मी वाकलो, वाळू झटकली आणि परत घातली.